सबवूफर जागा का होत नाही? खर्जाच्या आवाजाचा आणि स्टँडबायच्या झोपेचा इतिहास

आमच्या घरात आवाजाच्या बाबतीत शेवटचा शब्द अब्बांचा असतो. खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी त्यांनी उमेदीची सगळी वर्षं टॉकीजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली. ऑपरेटर म्हणजे केबिनमध्ये उभं राहून सिनेमाचं मशीन चालवणारा माणूस. आता त्यांचं वय अठ्ठ्याहत्तर आहे. कानाला मशीन लागलंय. दुपारची नमाज आणि जेवण झालं की हॉलमधल्या दिवाणावर बसायचं आणि एखादा जुना सिनेमा किंवा कव्वाली लावायची, हा त्यांचा ठरलेला दिनक्रम.

काही महिन्यांपूर्वी ते म्हणाले, “आवाज आधा आ रा.” मी म्हणालो, “अब्बा, कानाच्या मशीनचा सेल संपला असेल.” सेल बदलला. दोन दिवसांनी पुन्हा तेच, “आधा आ रा.” मी टीव्हीचा आवाज दोन घरं वाढवून दिला. त्यानंतर ते काही बोलले नाहीत. हळूहळू सिनेमा लावायचंही थांबलं. दुपारी ते आतल्या खोलीत पडून राहू लागले. वय झालं, मन लागत नसेल, असं आम्ही आपसांत म्हणालो. मी शाळेत शिकवतो; मूल ‘समजलं नाही’ म्हणालं तर आधी आपलं शिकवणं तपासावं, हे बी.एड.ला शिकलोय. घरात मात्र ते आठवलं नाही.

मग एके दिवशी बायकोने टीव्हीखालची धूळ पुसताना विचारलं, “या डब्याचा दिवा लाल का आहे? हा तर हिरवा असायचा ना?”

तो डबा म्हणजे आमच्या होम थिएटरचा सबवूफर. तो झोपला होता आणि काही केल्या जागा होत नव्हता. त्याला जागं करायच्या खटपटीत मला बरंच वाचावं लागलं, आणि वाचताना लक्षात आलं की या लाल दिव्यामागे शंभर वर्षांचा इतिहास आहे. तो तुमच्यापुढे मांडतो. ज्यांच्या घरी असाच डबा झोपून पडला असेल, त्यांना शेवटी उपायही सापडेल.

खर्ज का अवघड असतो?

माणसाचा कान साधारण २० हर्ट्झपासून २०,००० हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकतो, असं विज्ञानाच्या पुस्तकात असतं. हर्ट्झ म्हणजे एका सेकंदात होणारी कंपनं. तबल्याच्या जोडीतला डग्गा, ढोलकाची मोठी बाजू, ढगांचा गडगडाट, रेल्वेची धडधड हे सगळं या पट्टीच्या तळाशी येतं. ४० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळजवळ साडेआठ मीटर लांब असते, म्हणजे आपल्या बहुतेकांच्या हॉलपेक्षा मोठी. एवढी लाट उठवायची तर खूप हवा हलवावी लागते. चिमणीच्या चिवचिवाटाला बोटाएवढा स्पीकर पुरतो, गडगडाटाला परातीएवढा लागतो.

आज आपण ज्याला स्पीकर म्हणतो, म्हणजे चुंबकात तारेचं वेटोळं आणि त्याला चिकटवलेला कागदी शंकू, त्याचं आधुनिक रूप अमेरिकेतल्या चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या दोन अभियंत्यांनी १९२५ साली मांडलं. त्याआधी कर्णे होते. ग्रामोफोनचा भोंगा डोळ्यांसमोर आणा. भोंग्यातून माणसाचा गळा ओळखू यायचा, पण डग्गा जवळजवळ यायचाच नाही.

त्यानंतर सहाच वर्षांनी, १४ मार्च १९३१ रोजी, मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात अर्देशिर इराणींचा ‘आलम आरा’ लागला आणि भारतीय पडदा बोलू लागला. लोक तुटून पडले ते बोलणं आणि गाणं ऐकायला. खर्ज ऐकू येतो की नाही याची फिकीर कुणाला नव्हती.

सिनेमाच्या रिळात आवाज कसा असायचा, हे मला अब्बांनी लहानपणीच दाखवलं होतं. चित्रांच्या कडेला एक बारीक पांढरी पट्टी असते, तिची रुंदी कमीजास्त होत जाते. मशीनमध्ये एक छोटा दिवा त्या पट्टीवर प्रकाश टाकतो. त्याला ऑपरेटर लोक एक्सायटर म्हणत. पलीकडे फोटोसेल असतो. पट्टी जेवढा प्रकाश जाऊ देईल, तेवढी वीज फोटोसेलमधून निघते आणि तिचाच पुढे आवाज होतो. युक्ती सुंदर, पण मर्यादित. या पट्टीत अगदी खालचा खर्जही नीट मावत नसे आणि अगदी वरचा आवाजही. तालुक्याच्या टॉकीजमध्ये पडद्यामागे असायचे ते स्पीकर मधल्या पट्टीतच वाजायचे.

१९३३ साली बेल लॅबोरेटरीजमधल्या हार्वे फ्लेचर आणि वाइल्डन मनसन यांनी माणसांच्या कानांवर प्रयोग करून एक महत्त्वाची गोष्ट प्रसिद्ध केली. आपला कान सगळे आवाज सारख्या जोराने ऐकत नाही. खर्जाच्या बाबतीत तो मंद असतो, आणि एकूण आवाज जितका कमी, तितका हा मंदपणा जास्त. साध्या भाषेत सांगायचं तर व्हॉल्यूम कमी करत गेलात की आधी डग्गा गायब होतो, गायकाचा गळा बराच वेळ टिकून राहतो. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

लहान घरात मोठा खर्ज आणायची पहिली मोठी युक्ती १९५४ची. अमेरिकेतल्या एडगर विल्चर यांनी स्पीकर हवाबंद पेटीत बसवला आणि आतल्या कोंडलेल्या हवेलाच स्प्रिंगसारखं काम करायला लावलं. कपाटाएवढ्या पेटीचं काम पुस्तकांच्या फळीवर मावणाऱ्या पेटीत होऊ लागलं. पण फुकट काही मिळत नाही. पेटी लहान केली की तेवढाच खर्ज काढायला वीज जास्त लागते. म्हणूनच पुढे सबवूफरला स्वतःचा वेगळा अँप्लिफायर आणि भिंतीवर स्वतःची वेगळी पिन मिळाली. त्याच्या झोपेची गोष्ट इथून सुरू होते.

भूकंपाचा डबा

१९७४च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत ‘अर्थक्वेक’ नावाचा सिनेमा आला. लॉस एंजेलिस शहरात मोठा भूकंप होतो, अशी कथा. युनिव्हर्सल कंपनीला भूकंप नुसता दाखवायचा नव्हता, खुर्चीखाली जाणवून द्यायचा होता. त्यासाठी ‘सेन्सराउंड’ नावाची यंत्रणा तयार झाली. थिएटरात प्रचंड आकाराचे खर्जाचे भोंगे आणून बसवले, काही ठिकाणी त्यासाठी खुर्च्या काढाव्या लागल्या. हॉलिवूडच्या प्रसिद्ध चायनीज थिएटरमध्ये छताचा गिलावा पडेल म्हणून खाली जाळी बांधली होती. शिकागोत इमारतीला धोका पोचेल म्हणून अधिकाऱ्यांनी आवाज कमी करायला लावला.

या गोष्टी नेहमी सांगितल्या जातात. मला त्याहून रंजक वाटली ती दुसरी बाब. भूकंपाचा खर्ज रिळावरच्या त्या बारीक पट्टीत मावत नव्हता, हे वर आलंच आहे. मग तो आणला कुठून? थिएटरातच एक यंत्र ठेवलं, जे सतत घरघराट तयार करू शकत होतं. रिळाच्या पट्टीवर फक्त खुणा ठेवल्या: २५ आणि ३५ हर्ट्झचे अगदी खालचे इशारे, जे प्रेक्षकाला वेगळे ऐकू येत नसत. इशारा आला की यंत्र समजायचं, आता भूकंप, आणि भोंगे जागे व्हायचे. इशारा थांबला की पुन्हा शांत.

म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा तो डबाही इशाऱ्याची वाट बघत बसलेला असायचा. रमजानमध्ये सहरीला उठवणारा फकीर गल्लीत आला की अर्धवट झोपेतही आपला एक कान त्याच्या हाकेकडे असतो, तसं. हाक कानापर्यंत आली तर माणूस उठतो. फकीर लांबून गेला तर बिचारा झोपून राहतो आणि दिवसभर उपाशीपोटी स्वतःलाच दोष देतो.

त्याच सुमारास आपल्याकडे १५ ऑगस्ट १९७५ला ‘शोले’ आला. तो सत्तर मिलिमीटरच्या रिळावर आणि स्टिरिओफोनिक आवाजात होता, आणि मुंबईच्या मिनर्व्हात पाच वर्षांहून जास्त चालला. अब्बा तो बघायला खास मुंबईला गेले होते. गावी परतल्यावर त्यांनी स्वतःच्या टॉकीजमध्ये तोच सिनेमा साध्या पस्तीस मिलिमीटरच्या रिळावर शेकडो वेळा चालवला. पण त्यांच्या मनात राहिली ती मिनर्व्हातली मालगाडी. “वहाँ रेल पेट में चलती थी,” असं ते अजून सांगतात.

‘पॉइंट वन’

१९७७च्या मे महिन्यात ‘स्टार वॉर्स’ प्रदर्शित झाला. सत्तर मिलिमीटरच्या रिळावर आवाजाच्या सहा चुंबकी पट्ट्या असायच्या आणि पडद्यामागे पाच स्पीकर. डॉल्बीच्या माणसांनी त्यातल्या दोन पट्ट्या बोलण्यातून मोकळ्या करून फक्त खर्जासाठी राखल्या. या व्यवस्थेला लाडाने ‘बेबी बूम’ म्हणत. पडद्यावर पहिलं मोठं यान डोक्यावरून सरकतं, तेव्हा प्रेक्षकांच्या छातीत जे हललं ते या दोन पट्ट्यांमुळे.

१९८७ साली अमेरिकेतल्या चित्रपट अभियंत्यांच्या संस्थेत डिजिटल सिनेमात आवाजाचे मार्ग किती असावेत, यावर चर्चा चालली होती. ध्वनितज्ज्ञ टॉमलिन्सन होलमन यांनी उत्तर दिलं, पाच पॉइंट एक. पाच मार्ग पूर्ण, आणि खर्जाचा सहावा मार्ग. तो सगळी पट्टी वाहत नाही, साधारण १२० हर्ट्झच्या खालचंच वाहतो, म्हणून त्याला पूर्ण एक न म्हणता ‘पॉइंट वन’ म्हणायचं. आपल्या घरच्या खोक्यावर जे ‘५.१’ छापलेलं असतं, त्याचं मूळ हे. १९९२ला ‘बॅटमॅन रिटर्न्स’ डॉल्बी डिजिटलमध्ये आला. १९९६ला जपानमध्ये डीव्हीडी विकायला आली आणि ‘पॉइंट वन’ थिएटरातून हॉलमध्ये उतरला.

हॉलमध्ये एक नवीन अडचण झाली. रिसीव्हर टीव्हीजवळ, रिमोटवर चालणारा. सबवूफर कोपऱ्यात, त्याचा खटका मागच्या बाजूला, भिंतीकडे तोंड करून. रोज कोण वाकून बटण दाबणार? आणि बंद नाही केला तर अँप्लिफायर दिवसरात्र तापत राहणार. यावर कारखानदारांनी उपाय काढला. डब्यात एक छोटा पहारेकरी बसवला. तारेतून खर्जाचा इशारा आला की तो खटका मारून अँप्लिफायर सुरू करतो आणि दिवा हिरवा होतो. काही मिनिटं इशारा आला नाही की पुन्हा लाल. खटक्यावर तीन जागा असतात: ‘ऑन’, ‘ऑटो’ आणि ‘ऑफ’. बहुतेक घरांत तो आयुष्यभर ‘ऑटो’वर असतो.

झोपेचा हिशोब

पहारेकऱ्याला जागं राहायला वीज लागते. ही अडचण रिमोटच्या जन्मापासूनची आहे. १९५६ साली झेनिथ कंपनीने रॉबर्ट अॅडलर यांचा ‘स्पेस कमांड’ हा रिमोट बाजारात आणला. त्यात सेल नव्हता. बटण दाबलं की आतली हातोडी धातूच्या दांडीवर आपटायची आणि माणसाला ऐकू न येणारा उंच आवाज निघायचा. तो आवाज ऐकण्यासाठी टीव्हीत जास्तीचे व्हॉल्व्ह बसवावे लागले. ऐकायचं तर आधी जागं राहायला हवं, आणि जागं राहायचं तर वीज खर्चायला हवी.

पुढच्या चाळीस वर्षांत घराघरात असे अर्धवट जागे डबे वाढत गेले. टीव्ही, व्हीसीआर, म्युझिक सिस्टीम, चार्जर. १९९०च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेतले अॅलन मायर यांनी या गळतीचं मोजमाप केलं आणि एक साधी मागणी पुढे आली: झोपलेल्या कुठल्याही उपकरणाने एक वॉटपेक्षा जास्त वीज खाऊ नये. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने ती उचलून धरली. जुलै २००१मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी सरकारी खरेदीसाठी एक वॉटचा आदेश काढला. युरोपीय संघाने २००८च्या डिसेंबरमध्ये नियम केला: २०१० पासून एक वॉट आणि २०१३ पासून अर्धा वॉट. शिवाय काम नसताना उपकरणाने आपणहून झोपलं पाहिजे, अशीही अट घातली.

हा आकडा किती मोठा आहे ते बघा. झोपेत १० वॉट खाणारा डबा वर्षभरात ८७.६ युनिट खातो. अर्धा वॉट खाणारा खातो साडेचार युनिटांच्याही आत. एका डब्यामागे ८३ युनिटांची बचत. नियम शहाणपणाचाच होता. कारखाने सगळ्या जगासाठी एकच माल बनवतात, त्यामुळे तो आपल्या हॉलपर्यंतही पोचला.

पण झोप पूर्वीपेक्षा गाढ झाली. पहारेकऱ्याची भाकरी कमी केली आणि वर त्याला सांगितलं, उगाच उठू नकोस. विजेच्या तारेतली बारीकसारीक घरघर ऐकून तो उठू नये म्हणून त्याच्या उंबरठ्याची उंची ठरवलेली असते. काही मिलिव्होल्टांचा इशारा आला तर दार उघडतं, त्याहून कमी असेल तर नाही. सावकाश गझल, बातम्या, हळू आवाजातला सिनेमा यांत तेवढा इशारा येतच नाही. त्यात फ्लेचर आणि मनसन यांनी सांगितलेली कानाची खोड मिळवा. कमी आवाजात आपल्यालाही खर्ज आधीच कमी ऐकू येतो. त्यामुळे डबा झोपलाय, हे घरातल्या कुणाच्या लक्षातच येत नाही.

आमच्याही आलं नाही. एकाच माणसाच्या लक्षात आलं. वयाबरोबर कान जातात ते वरच्या पट्टीपासून. उंच आवाज आधी जातात, खर्ज बराच काळ टिकतो. अब्बांना बोलण्यातले ‘स’ आणि ‘श’ धड ऐकू येत नाहीत, पण डग्गा येतो. दिवाणाच्या लाकडावर हात ठेवून ते तो हाताने ऐकतात. त्यांच्या वाट्याला आवाजाचा जो भाग उरला होता, नेमका तोच बंद पडला होता. ते खरं तेच सांगत होते: आधा आ रा.

केबिनमधली पद्धत

बायकोने लाल दिवा दाखवला त्या संध्याकाळी मी अब्बांना हॉलमध्ये बोलावलं आणि सगळं सांगितलं. ते उठून बसले. कित्येक दिवसांनी त्यांच्या आवाजात केबिनमधला रुबाब आला. “मशीन को गाली मत दो. शुरू से देखो.”

टॉकीजमध्ये आवाज गेला की पिटातले प्रेक्षक शिट्ट्या मारायचे. ऑपरेटर घाबरला तर संपलं. अब्बांची रीत ठरलेली: एक्सायटरचा दिवा आणि फोटोसेल यांच्यामध्ये एक पुठ्ठ्याचा तुकडा झटकन फिरवायचा. पडद्यामागून ‘धप्’ असा आवाज आला तर दिवा आणि फोटोसेलपासून पुढचं सगळं ठीक आहे, दोष रिळात. आला नाही तर दोष दिव्यात किंवा पुढे. एका पुठ्ठ्याने अर्धं मशीन तपासून व्हायचं.

आम्ही तीच रीत वापरली.

पहिली तपासणी: मागचा खटका ‘ऑटो’वरून ‘ऑन’वर नेला. दिवा हिरवा झाला. म्हणजे वीज आहे, अँप्लिफायर जिवंत आहे. (‘ऑन’वरही दिवा लागला नाही, तर भिंतीचा सॉकेट आणि मागचा फ्यूज बघा. तेही ठीक असेल तर बहुधा आतला झोपेचा वीजपुरवठा गेलेला असतो. तो वर्षानुवर्षं कधीच बंद होत नाही, त्यामुळे त्यातले कपॅसिटर उष्णतेने वाळत जातात. जो कधी झोपत नाही, तो आधी म्हातारा होतो. पण डबा स्वतः उघडू नका. पिन काढल्यावरही आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठलेली राहते. ते काम मेकॅनिकचं.)

दुसरी तपासणी, म्हणजे आमचा पुठ्ठा: खटका परत ‘ऑटो’वर ठेवला आणि डब्याचा आवाज अगदी कमी केला. दिवा लाल व्हायची वाट बघितली. मग रिसीव्हरच्या बाजूने आरसीएची पिन काढून तिच्या मधल्या टोकाला बोट लावलं. ‘घूंऽऽ’ असा आवाज आला आणि दिवा हिरवा! माणसाच्या अंगात घरातल्या विजेची बारीक घरघर उतरलेली असते, तेवढ्यावर पहारेकरी उठला. म्हणजे तार चांगली, पहारेकरी चांगला. दोष डब्यात नव्हताच. इशाराच कमी येत होता.

तिसरी तपासणी रिसीव्हरची. त्याच्या यादीत आधी हे बघायचं की ‘सबवूफर आहे’ असं नोंदलेलं आहे का. मग पुढचे स्पीकर ‘लार्ज’ आहेत की ‘स्मॉल’. ‘लार्ज’ असतील तर साध्या स्टिरिओ गाण्यांचा खर्ज बऱ्याचदा त्यांच्याकडेच राहतो, डब्याला काही मिळत नाही. ‘स्मॉल’ ठेवून सीमा ८० हर्ट्झवर ठेवली की खालचं सगळं डब्याकडे जातं. आमच्याकडे हे बरोबर होतं.

शेवटी सबवूफरची पातळी. तिथे लिहिलं होतं: उणे १२.

ते पाहून मी गप्प बसलो, कारण तो आकडा मीच घातला होता. आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या ताई नर्स आहेत. रात्रपाळी करून येतात आणि दुपारी झोपतात. एकदा जिन्यात भेटल्यावर त्या संकोचत म्हणाल्या होत्या, “सर, दुपारी स्लॅबमधून धमधम येते हो.” खर्जाची लाट भिंतीला आणि स्लॅबला जुमानत नाही. मला वाईट वाटलं. त्याच दुपारी मी रिमोट घेतला आणि सबवूफरची पातळी जितकी खाली जाईल तितकी नेली. उणे १२ डेसिबल म्हणजे तारेतला व्होल्टेज चौथा हिस्सा. त्या दिवसापासून पहारेकऱ्याच्या उंबरठ्यापर्यंत हाक पोचलीच नाही. शेजारधर्म पाळताना मी वडिलांचा आवाज बंद केला होता. नंतर त्यांनी तक्रार केली तेव्हा त्यांच्याच कानाचा सेल बदलला.

आवाज तोच, जागा वेगळी

उपाय एका मिनिटाचा निघाला. रिसीव्हरमधली पातळी उणे १२ वरून शून्यावर आणली आणि डब्याच्या मागचं ‘गेन’चं बटण तेवढंच खाली फिरवलं. खोलीत येणारा खर्ज तेवढाच राहिला. फरक पडला तो आवाज कमी करण्याच्या जागेत. आधी तो पहारेकऱ्यापर्यंत पोचण्याआधी कापला जात होता, आता पहारेकरी उठल्यानंतर कमी होतो. ज्यांच्या डब्याला डावी-उजवी अशा दोन आरसीए जागा आहेत, त्यांनी ‘वाय’ आकाराची पिन लावून दोन्हीकडे इशारा द्यावा. बऱ्याच डब्यांत त्यानेही इशारा वाढतो. एवढं करूनही हळू संवादांच्या लांब प्रसंगात डबा मध्येच झोपू शकतो. मग सिनेमापुरता खटका ‘ऑन’वर ठेवायचा आणि उठताना भिंतीवरचं बटण बंद करायचं. युनिटही वाचतात.

अब्बांनी एक भर घातली. डबा फरशीवरून उचलून जाड रबरी चटईवर ठेवायला लावला. टॉकीजमध्ये मशीनच्या पायाखाली ते असंच करायचे.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी ‘शोले’ लावला. मालगाडीचा प्रसंग आला तेव्हा दिवा हिरवा होता आणि त्यांचा तळहात दिवाणाच्या लाकडावर. मी म्हणालो, “अब्बा, माफ करा. तुम्ही सांगत होता आणि मी सेल बदलत बसलो.” पडद्यावरची नजर न काढता ते म्हणाले, “डब्बा खराब नै था बेटा. उसको खबर नै पहुँची थी.” ते डब्याबद्दल बोलत होते की माझ्याबद्दल, हे मी विचारलं नाही.

वाचकहो, तुमच्या घरातलं वडीलधारं माणूस ‘नीट ऐकू येत नाही’ म्हणालं, तर त्याच्या कानाकडे बघण्याआधी एकदा डब्याच्या दिव्याकडे बघा.

संध्याकाळी मी खाली जाऊन ताईंना विचारलं, दुपारी त्रास झाला का? त्या म्हणाल्या, “आज लावलं होतं का तुम्ही? मला तर छान झोप लागली.”